बफच्या चाकासमोरचे पहिले पंधरा दिवस

विहारात रविवारची वंदना झाली की चहाच्या वेळी तब्येतीचे प्रश्न निघतात. कुणाची साखर, कुणाचं बीपी, लहानग्यांचा खोकला. गेल्या महिन्यात एका ताईंनी पिशवीतून मुलाचा रुमाल काढून आमच्यापुढे धरला. रुमालावर काळे डाग होते. मुलगा बारावीनंतर काही महिने घरीच होता, आता स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात बफ मारायला लागला आहे. "नाक शिंकरलं की असं काळं येतं. तो म्हणतो, तिथं सगळ्यांनाच येतं. काम सोडायला सांगू का त्याला?"

सोडायला सांगा, असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही. घरात पगार येतो आहे. शिवाय बफिंग हातात बसलं की ती चांगली कारागिरी आहे. नळ, तोट्या, कुकर, चमचे, दाराच्या कड्या, मोटरसायकलचे सुटे भाग, पितळी मूर्ती, या सगळ्यांची चमक याच चाकातून येते. अडचण अशी की हे काम आपल्या पोरांना कुणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी उस्ताद म्हणतो "बघत राहा", आणि तिसऱ्या दिवशी हातात जॉब येतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही कामाबद्दलच लिहितो आहोत. वस्तीतल्या दोन जुन्या पॉलिशवाल्यांबरोबर बसून, विचारून लिहिलं आहे. त्यातल्या एकाच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक नाही. तेच बोट दाखवत त्यांनी आम्हाला बरंच समजावलं.

आधी चाक समजून घेऊ. मोटरच्या दांड्याला बसवलेलं हे चाक म्हणजे सुती कापडाच्या गोल चकत्या, एकावर एक ठेवून शिवलेल्या. हाताला मऊ लागतं, म्हणून नव्या मुलाला दगडी ग्राइंडरची वाटते तेवढी भीती याची वाटत नाही. आता हिशेब करा. चाक ८ इंची, मोटर मिनिटाला २८०० फेरे घेणारी. चाकाचा काठ ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने बोटांजवळून जात असतो. कापड मऊ आहे, पण त्या वेगाला हातातली वस्तू हिसकावून घ्यायला पापणी लवण्याइतका वेळ पुरतो.

कापड स्वतः फारसं घासत नाही. घासतो तो त्याला लावलेला मसाला. साबणाच्या वडीसारख्या दिसणाऱ्या या कांड्या म्हणजे मेण-चरबीत कालवलेली कठीण भुकटी. तपकिरी कांडी ट्रिपोलीची, पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियमवरचे ओरखडे काढायला. पांढरी आणि हिरवी कांडी स्टील चमकवायला, हिरवीत क्रोमियमचा ऑक्साइड असतो. लाल कांडी म्हणजे लोखंडाचा अगदी बारीक ऑक्साइड, सोन्याचांदीवर शेवटचा हात फिरवायला. चमक म्हणजे दुसरं काही नाही, मोठा ओरखडा लहान करायचा, लहान आणखी लहान करायचा, डोळ्याला दिसेनासा होईपर्यंत. म्हणून खोल ओरखडा बफवर काढायला जाऊ नये. तो आधी कानस आणि पॉलिश पेपरने काढायचा, जाड पेपरपासून बारीक पेपरपर्यंत. नवीन मुलं ही पायरी टाळतात, मग ओरखडा जाईना म्हणून जॉब चाकावर दाबत बसतात. दाबलं की जॉब तापतो, बोटं भाजतात, पकड बदलायला जावं तर वस्तू उडते. त्या काकांचं बोट असंच गेलं. दिवसाअखेरीस शंभर नगांचा हिशेब द्यायचा होता आणि पेपर मारायला वेळ नव्हता.

एका चाकाला एकच मसाला, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. तपकिरी मसाल्याच्या चाकावर लाल कांडी लावली तर बारीक मसाल्यात जाड कण मिसळतात आणि वस्तूवर पुन्हा चरे येतात. चाकाच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. एका मसाल्यावरून दुसऱ्यावर जाताना जॉब साबणाच्या पाण्यात धुवा. मसालाही थोडाच लावायचा, चाक फिरत असताना कांडी एखादा क्षण टेकवली की पुरे. जास्त झाला तर वस्तूवर काळा राप बसतो आणि आपण तो काढण्यात अर्धा तास घालवतो.

उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचा

सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे. चाकासमोर उभे राहिलात की त्याचा पुढचा काठ वरून खाली येताना दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर मोटर उलटी जोडलेली आहे. काम थांबवा, वायरमनला बोलवा.

आता चाकाच्या मधोमध एक आडवी रेघ कल्पनेने ओढा. जॉब नेहमी त्या रेघेच्या खाली टेकवायचा. तिथे वस्तू हातातून सुटली तर चाक तिला खाली आणि तुमच्यापासून दूर फेकतं. रेघेच्या वर टेकवली आणि चाकाने ती पकडली, तर ती आधी तुमच्या अंगावर येते आणि तिच्यामागे तुमचा हात चाकाकडे ओढला जातो. चाकाच्या खाली लाकडी खोकं ठेवून त्यात गोणपाट घाला. सुटलेली वस्तू तिथे पडते, फरशीवर आपटून उसळत नाही.

दुसरी गोष्ट कडांची. चाक वरून खाली येतं, त्यामुळे वस्तूची वरची कड त्याच्या वाटेत येता कामा नये. झाकण असो, पट्टी असो, आधी मधल्या भागापासून खालच्या कडेपर्यंत काम करा, म्हणजे चाक कडेवरून निसटून बाहेर जाईल. मग वस्तू उलटी धरा आणि उरलेला अर्धा भाग तसाच करा. भोकं, खाचा, कान असलेल्या वस्तूंना हे दुपटीने लागू. किटलीचा कान चाकात अडकला की किटली हातात राहत नाही.

दाब हलका ठेवा आणि जॉब सतत सरकता ठेवा. चाकाच्या दिशेविरुद्ध सरकवलं की ते जास्त कापतं, चाकाबरोबर सरकवलं की चमक येते. हाताला ही जाण यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर नगांच्या मागे लागू नका, असं आम्ही सांगतो, पण नगावर पैसे मिळणाऱ्या गाळ्यात हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड, हेही आम्हाला कळतं. तरी उस्तादाला पहिले पंधरा दिवस मोठ्या, सोप्या, गोल वस्तू मागा. बारीक, पातळ वस्तू नवशिक्याच्या हातात देऊ नयेत. साखळी, हूक, तार, पातळ पत्रा हातात धरून कधीच बफला लावू नका. साखळी फळीला गुंडाळून, टोकं खिळ्यांनी पक्की करूनच लावायची. बारीक वॉशर-अंगठीसारख्या वस्तूंसाठी लाकडाची दांडी किंवा पकड करून घ्यावी.

चाक सुरू करताना समोर उभं राहू नका, बाजूला राहा. नवं चाक बसवलं असेल तर ते मिनिटभर मोकळं फिरू द्या आणि त्यावर लिहिलेले फेरे मोटरच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाहीत ना, ते आधी पाहा. हल्ली हँड ग्राइंडरलाच कापडी चाक लावून गाडीचे भाग घासायची टूम निघाली आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. टेबलावरच्या मोटरसाठी केलेलं चाक त्या वेगासाठी नसतं, त्याच्या चकत्या सुटून उडतात.

अंगावर काय नको ते घरातल्यांनीच बघावं, कारण मुलगा घरूनच ते घालून निघतो. गळ्यातला दोरा, लॉकेट, साखळी, अंगठी, मनगटातला धागा, सैल बाही, गमछा. ताई काम करत असतील तर ओढणी, पदर आणि मोकळे केस. कापडाचं टोक कापडी चाकाला लागलं की ते सोडत नाही. अ‍ॅप्रन असेल तर त्याच्या नाड्या पाठीमागे बांधा, पुढे नाही.

हातमोज्यांबद्दल लोक वाद घालतात. सैल विणलेले सुती हातमोजे घालूच नका, त्यांचा धागा चाकात गेला की बोट त्याच्यामागे जातं. जुने कारागीर बोटांपुरत्या चामड्याच्या घट्ट टोप्या वापरतात, त्या बऱ्या. बोटं पोळायला लागली तर मोजा शोधण्यापेक्षा जॉब खाली ठेवा, थंड होऊ द्या, तोवर दुसरा घ्या. डोळ्यांना बाजू बंद असलेला गॉगल हवा, साध्या चष्म्याच्या बाजूने कण आत जातोच. आणि बाजूच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर तो आवाज कानांना खराब आहे. कापसाचा बोळा पुरत नाही, रबरी प्लग स्वस्त मिळतात. सकाळच्या गारव्यात बोटं पांढरी पडू लागली, मुंग्या येऊ लागल्या, तर तो थरथरीचा परिणाम असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

रुमाल काळा का होतो

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. बफची धूळ म्हणजे कापडाचं सूत, मेण, मसाल्याची भुकटी आणि ज्या धातूवर काम चाललं आहे त्याचा चुरा. यातले मोठे कण नाकातले केस आणि शेंबूड अडवतात. रुमालावर दिसतात ते हे, अडवलेले. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण इतके बारीक असतात की ते डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून रुमाल पांढरा असला तरी छाती सुरक्षित आहे असं धरू नये, आणि काळा असेल तर बारीक धूळही हवेत भरपूर आहे हे नक्की समजावं.

गाळ्यांमध्ये गूळ वाटायची पद्धत आहे. गूळ खाल्ला की धूळ निघून जाते, असं मालकही सांगतात आणि कामगारही मानतात. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोन्ही वाटा घशाजवळ वेगळ्या होतात. गूळ खायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर मास्क सोडणाऱ्यांची आम्हाला काळजी वाटते. केळी आणि दुधाचंही तेच. गूळ वाटणाऱ्या मालकाकडे चाकामागे एक्झॉस्ट बसवायची मागणी करावी. धूळ चाकाजवळच ओढून पाइपाने बाहेर नेणं, हाच खरा उपाय आहे. छताचा पंखा तीच धूळ सगळ्यांच्या नाकात फिरवत राहतो.

एक्झॉस्ट लागेपर्यंत मास्क. रुमाल बांधल्याने किंवा पातळ निळ्या मास्कने बारीक धूळ अडत नाही. पाकिटावर एफएफपी-२ आणि आय.एस. ९४७३ छापलेलं बघून घ्या किंवा एन-९५ घ्या. तो चेहऱ्याला सगळीकडून चिकटला पाहिजे, दाढी असेल तर फटीतून हवा जाते. श्वास घ्यायला जड लागला, ओला झाला, की बदला. चाकावर साचलेला राप खरवडताना सगळ्यांत जास्त धूळ उडते. त्या वेळी मास्क आणि गॉगल दोन्ही हवेत, आणि खरवडणीही रेघेच्या खालीच धरायची.

तंबाखूचा वेगळा मुद्दा आहे. तळहातावर तंबाखू मळताना तळहातावरचा चुरा सोबत मळला जातो. पितळात थोडं शिसंही असू शकतं, ते असं पोटात जातं. मावा, गुटखा, बिडी, आणि हात न धुता खाल्लेला वडापाव, सगळ्यांना हे लागू. हात धुवायला केरोसीन किंवा थिनर वापरू नका, कातडी फाटते आणि खाज सुटते. थोडं खोबरेल चोळा, मग साबण लावा. निकेलचा मुलामा दिलेल्या वस्तू हाताळून काहींच्या हातांवर पुरळ येतं, ते दिसल्यावर त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा.

धूळ कशाची आहे यावर बरंच अवलंबून असतं. ट्रिपोलीच्या कांडीत सिलिका असते. वाळूच्या साच्यातून ओतून आलेल्या वस्तूंवर चिकटलेली वाळू घासली जाते, तीही सिलिकाच. ही बारीक सिलिका वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकॉसिस होतो, फुप्फुस कडक होत जातं. तो बरा करणारं औषध नाही, पुढची धूळ थांबवणं एवढंच हाती राहतं. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. आपल्या वस्त्यांत टीबी आधीच घरोघरी माहीत आहे. त्यामुळे बफवाला खोकू लागला की घरचे टीबी म्हणतात आणि डॉक्टरही कधी कधी तेवढ्यावर थांबतात. एक्स-रेमध्ये दोन्ही आजार सारखे दिसू शकतात. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, वजन उतरत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर पालिकेच्या दवाखान्यात जा, थुंकीची तपासणी तिथे फुकट होते, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: मी बफिंग करतो, इतकी वर्षं करतो, या धातूवर करतो. केसपेपरवर ते लिहून घ्या.

धूळ घरापर्यंत येऊ देऊ नका. कामाचे कपडे गाळ्यातच बदलावेत. ते शक्य नसेल तर दाराबाहेर काढावेत, झटकू नयेत, वेगळ्या बादलीत भिजवावेत. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे उडवायची सवय सगळीकडे दिसते. त्याने धूळ थेट नाकात जाते आणि हवेचा झोत डोळ्याला, कानाला इजा करू शकतो. काही घरांत माळ्यावर किंवा ओट्याशेजारी लहान मोटर लावून नग पॉलिश केले जातात. दहा बाय बाराच्या खोलीत तीच हवा तान्हं मूलही घेतं. तिथे आमचं मत स्पष्ट आहे: मोटर घराबाहेर न्या, नाहीतर ते काम घेऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर या चाकासमोर उभं करूच नका. आणखी एक, अ‍ॅल्युमिनियमची धूळ पेट घेते. ज्या चाकावर अ‍ॅल्युमिनियम घासलं आणि धूळ साचली, तिथेच लोखंड घासून ठिणग्या पाडू नका, जवळ बिडी पेटवू नका.

इजा झालीच तर

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. कण रुतलेला असेल तर काडीने, रुमालाच्या टोकाने काढायचा प्रयत्न करू नका, डोळा झाकून सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात जा. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. कापलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा, धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका. जितक्या लवकर मोठ्या रुग्णालयात पोहोचाल तितकी तो जोडण्याची शक्यता जास्त.

रुग्णालयात काय सांगायचं, यावर आम्हाला जरा थांबायचं आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाला गाळ्यातून रिक्षात घालताना सांगितलं गेलं, "घरी पत्रा लागला म्हणून सांग, खर्च आम्ही करू." त्याने तसंच सांगितलं. टाक्यांचा खर्च मिळाला. तीन महिन्यांनी बोट वाकत नाही म्हणून काम गेलं, तेव्हा केसपेपरवर "घरी पत्रा लागून जखम" एवढंच होतं. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण अपघात कामावर झाला हे दाखवायला कागद लागतो आणि तो पहिला कागद रुग्णालयातच तयार होतो.

जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, तिथे ई.एस.आय. लागू होतं. उपचार कामगारासोबत घरच्यांनाही मिळतात, कामावर अपंगत्व आलं तर पैसेही. या योजनेचा आराखडा करायला १९४३ साली अडारकर समिती नेमली गेली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. कायदा १९४८ साली झाला. आज किती घरांत ई.एस.आय.चं कार्ड आहे, हे आपण एकमेकांना विचारायला हवं. पगारातून पैसे कापले जात असतील तर नंबर मागा. गाळा लहान असेल तर निदान हजेरीची नोंद, पगार खात्यात आल्याचा मेसेज, कामाच्या जागेवरचा मोबाइलवरचा फोटो जपून ठेवा.

ताईंच्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी बोलावलं आहे. काका त्याला बंद चाकासमोर उभं करून, हातात ताट देऊन, रेघेच्या खाली हात कसा धरायचा ते दाखवणार आहेत. वस्तीतले आणखी कुणी या कामाला लागले असतील, किंवा लागणार असतील, तर त्यांनीही चहाच्या वेळी यावं. येताना सध्या वापरता तो मास्क सोबत आणा.